नवं औषध प्रयोगशाळेतून मेडिकलच्या काउंटरवर कसं येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ९ वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी उभा राहायचो. गेली १४ वर्षं तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतोय. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे गिऱ्हाइकं मला बरंच काही विचारतात आणि काउंटरवर गर्दी असली की धड उत्तर देता येत नाही. ती उत्तरं इथे सावकाश लिहितोय. बऱ्याच ठिकाणी उदाहरणाला एकच औषध घेतलंय, इमॅटिनिब. रक्ताच्या एका कॅन्सरवरची ही गोळी. तिची सगळी हकिकत, पहिल्या शोधापासून आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंतची, उघड आहे.

नवं औषध "शोधतात" म्हणजे नेमकं काय करतात?

१९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड हे दोघे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे त्याच रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णांच्या रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना त्या पेशींमधलं एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे कळायला १९७३ उजाडलं. शिकागोच्या जॅनेट रावली यांनी दाखवून दिलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेलेत. त्या अदलाबदलीतून एक जोडजनुक तयार होतं आणि त्यातून निघणारं प्रथिन कायम चालूच राहतं, हे पुढच्या दशकात कळलं. नळाची तोटी बिघडावी आणि पाणी वाहतच राहावं, तशा पांढऱ्या पेशी वाढत जातात.

इथवर कुणीही औषध बनवलेलं नव्हतं. हे सगळं काम विद्यापीठांतलं आणि बरंचसं लोकांच्या करातून चाललेलं. मग स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा-गायगी कंपनीत निक लायडन आणि रसायनतज्ज्ञ युर्ग झिमरमन यांच्या चमूने ती तोटी बंद करणारा रेणू शोधायला घेतला. एक साधा रेणू हाती आला, पण तो बाकीच्या प्रथिनांनाही चिकटायचा. त्याला एका जागी छोटासा मिथाइल गट जोडला, तेव्हा तो नेमक्या प्रथिनालाच धरू लागला. तरी तो पाण्यात विरघळेना, म्हणजे पोटातून रक्तात जाईना. दुसऱ्या टोकाला आणखी एक तुकडा जोडला, तेव्हा गोळी म्हणून देण्याजोगा झाला. पोर्टलंडचे डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी तो रुग्णांच्या पेशींवर वापरून पाहिला. कॅन्सरच्या पेशी मेल्या, चांगल्या बऱ्याचशा वाचल्या.

अमेरिकेत मंजुरी मिळाली १० मे २००१ ला. आखूड गुणसूत्र दिसल्यापासून ४१ वर्षांनी.

प्रत्येक औषधाला ४० वर्षं लागतात का?

नाही. कंपनीने काम हातात घेतल्यापासून साधारण १० ते १५ वर्षं धरा. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एक बाजारात येतं. बाकीची वाटेतच गळतात. काहींचा उपयोग होत नाही, काहींनी यकृताला त्रास होतो, आणि काही चांगली असूनही कंपनीला त्यात धंदा दिसत नाही.

इमॅटिनिबही या शेवटच्या कारणाने रखडलं होतं. अमेरिकेत या आजाराचे वर्षाला काही हजारच नवे रुग्ण, मग एवढा खर्च कशाला, असा विचार कंपनीत होता. ड्रुकर चिकाटीने मागे लागले नसते तर तो रेणू कपाटातच राहिला असता.

माणसांवरच्या चाचण्या कशा होतात?

आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर. मग माणसांवर तीन टप्पे, म्हणजे फेज.

पहिल्या टप्प्यात वीस ते शंभर माणसं. बहुतेक औषधांसाठी ती निरोगी स्वयंसेवक असतात. डोस किती झेपतो एवढंच बघायचं असतं. हा टप्पा इतक्या थोड्या लोकांवर आणि इतका जपून का करायचा, ते २००६ साली लंडनला दिसलं. टीजीएन १४१२ नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने टोचलं आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण त्यानंतर जगभर पद्धत कडक झाली. आता नव्या प्रकारच्या औषधाचा पहिला डोस आधी एकालाच देऊन थांबतात.

दुसऱ्या टप्प्यात शंभर ते काहीशे रुग्ण. औषध लागू पडतंय का, ते बघायचं.

तिसरा टप्पा सर्वांत मोठा आणि महाग, अनेक देशांतल्या शेकडो-हजारो रुग्णांवर होणारा. इथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट करतात. एकाला नवं औषध, दुसऱ्याला जुना उपचार किंवा बिनऔषधाची गोळी. जमेल तिथे कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही. कळलं की मन आपोआप आपल्या बाजूने कौल देतं.

इमॅटिनिब कॅन्सरचं औषध, म्हणून पहिला टप्पाही रुग्णांवरच झाला, जून १९९८ पासून. जुन्या इंजेक्शनांना न जुमानणारे रुग्ण होते. ज्यांना पुरेसा डोस मिळाला अशा ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. पहिल्या टप्प्यात असा निकाल सहसा मिळत नाही. पुढे १,१०६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोक १० वर्षांनंतरही जिवंत होते. आधी हा आजार काही वर्षांत माणूस नेत असे.

हॉस्पिटलमध्ये "चाचणीत भाग घ्या" म्हणतायत. घ्यावा का?

घ्यावा की नाही हे मी सांगणार नाही. कसा घ्यावा ते मात्र सांगतो, कारण याबद्दल मला फार वाटतं.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आपल्या आईची फाइल घेऊन दुकानात आला. "भाऊ, हे काय लिहिलंय ते बघता का?" पानं मराठीत होती, दहाच्या वर. शेवटच्या पानावर आईचा अंगठा. मी विचारलं, "हे कुणी वाचून दाखवलं?" म्हणाला, "नाही, नर्सबाई म्हणाल्या, औषध फुकट मिळेल, इथे अंगठा द्या." ती चाचणी कदाचित चांगलीच असेल. पण ती संमती नव्हे.

२०१९ च्या नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांप्रमाणे तुम्हाला तुमच्या भाषेत माहिती मिळालीच पाहिजे. सहीच्या कागदाची प्रत घरी नेता आली पाहिजे आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता आलं पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, तो लावून बघा. चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली हवी. २००९ च्या जूनपासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही इंटरनेटवर पाहता येते.

ही काळजी का घ्यायची, त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या बडोदा जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस देण्याचा अभ्यास झाला. तेव्हा आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे आणि मी स्वतः ती घ्यायला सांगतो. पण मुलीच्या आईला न विचारता नव्हे.

नवं औषध काढायला खरंच हजारो कोटी लागतात?

लागतात, पण किती यावर वाद आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या केंद्राने २०१४ मध्ये आकडा दिला २.६ अब्ज डॉलर. त्या केंद्राला औषध उद्योगाकडून पैसा मिळतो आणि हिशेबासाठी गोपनीय माहिती कंपन्यांनीच दिली होती. २०२० मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी कंपन्यांचे जाहीर हिशेब तपासले, तेव्हा मध्यम खर्च निघाला ९८.५ कोटी डॉलर. दोन्हीत फसलेल्या औषधांचा खर्च आणि अडकलेल्या पैशावरचं व्याजही धरलेलं आहे.

काहीही धरा, रक्कम मोठीच आहे. पण लोक इथून एक चुकीचा निष्कर्ष काढतात की खर्च झाला म्हणून किंमत जास्त. इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत वर्षाला २६ हजार डॉलरच्या आसपास होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याची किंमत तिपटीहून जास्त झाली. संशोधन तर कधीच संपलं होतं. २०१३ मध्ये जगभरच्या शंभराहून अधिक ल्युकेमियातज्ज्ञांनी एकत्र येऊन या किमतींविरुद्ध लेख लिहिला. ड्रुकरही त्यांच्यात होते.

मग किंमत ठरते कशावर?

ते औषध बनवायचा हक्क कुणाला आहे, यावर.

पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी ना? मग आपल्याकडे औषधं स्वस्त कशी?

यामागे मोठा इतिहास आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने आपण ठरवलं की औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर द्यायचं. आपल्या रसायनतज्ज्ञांनी वेगळ्या पद्धती शोधल्या आणि औषधं देशात बनू लागली. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, तेव्हा परदेशी कंपन्यांचा तोच उपचार १० हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेतली लाखो माणसं त्या गोळ्यांवर जगली.

पुढे जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून आपल्याला रेणूवरही पेटंट द्यावं लागलं. पण संसदेने कायद्यात एक कलम घातलं, ३(ड). जुन्याच औषधाचं नुसतं नवं रूप काढलं तर पेटंट नाही. ते रूप आजारावर जास्त गुणकारी आहे हे सिद्ध करा, मगच.

याच कलमावर इमॅटिनिब अडकलं. सिबा-गायगी आणि सँडोझ एक होऊन नोव्हार्टिस झाली होती. मूळ रेणू जुना, म्हणून कंपनीने त्याच्या मीठरूपातल्या, म्हणजे आम्लाशी जोडलेल्या रूपातल्या, एका स्फटिकावर पेटंट मागितलं. स्फटिक दमटपणात टिकतो, मशिनमध्ये नीट वाहतो, वगैरे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि देशी कंपन्यांनी हरकत घेतली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. खटला चढत चढत सुप्रीम कोर्टात गेला आणि १ एप्रिल २०१३ ला न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. गुणकारी म्हणजे रोग्याला बरं करण्यात गुणकारी. साठवायला सोपं म्हणजे गुणकारी नव्हे. पेटंट नाही.

तेव्हा कंपनीची गोळी महिन्याला १ लाख २० हजारांच्या आसपास होती आणि देशी गोळी ८ ते १० हजारांना. हेही सांगायला हवं की कंपनी आपल्याकडच्या हजारो रुग्णांना ते औषध फुकट देत होती. ज्यांना मिळालं त्यांच्यासाठी ते वरदान होतं. पण दानावर जगणं आणि दुकानातून विकत घेता येणं, यात फरक आहे. आज इमॅटिनिब अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, किंमत बांधलेली आहे, आणि माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराने सांगितलं तर स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, दुसऱ्या दिवशी पाठवतो.

पेटंट असूनही सरकार दुसऱ्या कंपनीला बनवू देऊ शकतं का?

देऊ शकतं. त्याला सक्तीचा परवाना म्हणतात. आपल्या देशातला पहिला परवाना मुंबईच्या पेटंट कार्यालयातून ९ मार्च २०१२ ला निघाला. मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब, बायर कंपनीचं. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटकोने तेच ८,८८० रुपयांत द्यायची तयारी दाखवली. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी परवाना दिला आणि बायरला विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी बांधून दिली, ती पुढे ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयानेही हा आदेश कायम ठेवला. नंतर इतर औषधांसाठी आलेले असे अर्ज फेटाळले गेले, त्यामुळे हा रस्ता कायद्यात असला तरी रहदारीचा नाही.

भारतात नव्या औषधाला परवानगी कोण देतं?

दिल्लीत केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आहे, तिचे प्रमुख म्हणजे ड्रग्ज कंट्रोलर जनरल. नवं औषध चार वर्षं "नवं" धरलं जातं. त्यानंतर तेच औषध बनवायचा परवाना राज्याचं प्रशासनही देऊ शकतं. आपल्याकडे ते म्हणजे एफडीए, अन्न व औषध प्रशासन. एकाच औषधाचे पन्नास-शंभर ब्रँड बाजारात दिसतात ते बहुतेक या चार वर्षांनंतर आलेले.

सरकार किमतींवर लक्ष ठेवत नाही का?

ठेवतं, पण सगळ्या औषधांवर सारखं नाही. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरण ठरवतं. २०१३ पासूनची पद्धत अशी: बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या दरांची सरासरी काढायची, त्यावर १६ टक्के दुकानदाराचे. बनवायला किती खर्च येतो याचा त्यात हिशेबच नाही. सगळे मोठे ब्रँड महाग असले तर सरासरीही महागच येणार. मला ही पद्धत पटत नाही. आधी उत्पादनखर्चावरून किंमत बांधायचे, ते रुग्णाच्या जास्त फायद्याचं होतं.

यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पेटंट असलेल्या नव्या औषधाला पहिली पाच वर्षं किंमत नियंत्रणातून सूट आहे. त्याच वर्षी सरकारने एक चांगलं कामही केलं. कॅन्सरच्या ४२ औषधांवर विक्रीसाखळीचा नफा ३० टक्क्यांवर आणून बांधला. काही इंजेक्शनांच्या एमआरपी त्यामुळे निम्म्याहून खाली आल्या.

कमाल किंमत बघायची असेल तर "फार्मा सही दाम" हे सरकारी ॲप फोनवर घ्या. मी गिऱ्हाइकांना स्वतः दाखवतो.

जेनेरिक औषध कमी ताकदीचं असतं का?

नीट बनवलेलं असेल तर नाही. जेनेरिकला सिद्ध करावं लागतं की ते रक्तात मूळ औषधाइतकंच आणि तितक्याच वेगाने उतरतं. विरघळायला अवघड अशा औषधांसाठी ही तपासणी आपल्याकडे २०१७ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या काही उत्पादनांबद्दल डॉक्टरांना शंका वाटते, ती अगदीच निराधार नाही.

पण गोंधळ वेगळ्याच जागी आहे. आपल्या देशात "ब्रँडेड" म्हणून मिळणारं बहुतेक औषध जेनेरिकच असतं, फक्त त्याला नाव दिलंय आणि ते नाव डॉक्टरांपर्यंत पोचवायला एमआर ठेवलाय. माझ्या काउंटरवर दोन स्ट्रिप शेजारी ठेवून बघा. दोन्हीवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव एकच, मिलिग्रॅम तेच. "निर्माता" म्हणून छापलेला पत्ताही कधीकधी एकाच कारखान्याचा, हिमाचलमधल्या बद्दीचा. एक एमआरमार्फत विकली जाते, दुसरी थेट स्टॉकिस्टकडून.

या दुसऱ्या प्रकारात दुकानदाराची परीक्षा असते. उदाहरणासाठी धरा, मला १२ रुपयांना पडलेल्या स्ट्रिपवर एमआरपी छापलेली असते ७० रुपये. मी "६० टक्के सूट" म्हणून २८ ला दिली तर गिऱ्हाईक दुवा देऊन जातं आणि मला दुपटीहून जास्त मिळतात. सूट किती यापेक्षा हातात किती पैसे द्यायचे ते बघा, आणि जनऔषधी केंद्रातल्या दराशी ताडून बघा.

एमआर डॉक्टरांना नेमकं काय सांगतात?

मी काय सांगायचो तेच सांगतो.

रात्रीचे साडेनऊ. ओपीडीतला शेवटचा रुग्ण बाहेर पडतो, कंपाउंडर मान हलवतो, आत आम्ही चार एमआर ओळीने. माझ्या वाट्याला मिनिटभरही नाही. हातात व्हिज्युअल एड, म्हणजे रंगीत पानांची फाइल. पेनाचं टोक आलेखावर. "सर, धोका ५० टक्क्यांनी कमी." वाक्य पाठ केलेलं, ट्रेनिंगमध्ये आरशासमोर घोटवून घेतलेलं.

ते ५० टक्के कशाचे? जुन्या गोळीवर १०० पैकी २ जणांना झटका आला, नव्या गोळीवर १ ला. दोनाचा एक झाला म्हणजे ५० टक्के. पण शंभर माणसांनी वर्षानुवर्षं महाग गोळी घेतली तेव्हा फायदा एकाला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पानावर मोठ्या अक्षरात पहिलंच छापलेलं असायचं. मी ज्या कंपनीत होतो तिच्या एका फाइलमध्ये आलेखाचा खालचा भाग कापून वरचाच दाखवला होता, त्यामुळे बोटभर फरक हातभर दिसायचा. मला ते दोन वर्षांनी कळलं, एका तरुण डॉक्टरबाईंनी पेन माझ्या हातातून घेऊन रेघ खाली शून्यापर्यंत ओढून दाखवली तेव्हा. त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी शब्द दिला की काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन बघायचो की सर खरंच आपला ब्रँड लिहितात का. याला आरसीपीए म्हणतात. दुकानदाराशी गोड बोलायचं, त्याच्या पंचवीसेक चिठ्ठ्या चाळायच्या, वहीत आकडे. संध्याकाळी एरिया मॅनेजरचा फोन. महिन्याच्या शेवटी क्लोजिंगला टार्गेट भरलं नाही तर स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारायचा. पोरांची नोकरी या आकड्यांवर असते, त्यांच्यावर राग धरू नका. चांगले एमआर डॉक्टरांना खरंच उपयोगाची माहिती देतात, खेड्यातल्या डॉक्टरला तर नवं काही कळायचा तो मोठाच मार्ग असतो.

अडचण धंद्याच्या घडणीतच आहे. औषध लिहितो एक, विकतो दुसरा, पैसे देतो तिसरा. साबण महाग वाटला तर तुम्ही दुसरा उचलता. चिठ्ठीवरचं औषध तुम्ही निवडलेलं नसतं आणि सोडताही येत नाही. म्हणून कंपनीचा सगळा जोर लिहिणाऱ्यावर.

डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला बंदी आहे ना?

आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विक्रीची एकसमान आचारसंहिता नव्याने काढली. भेटवस्तू, सहली, हॉटेल, रोकड काही नाही. एका औषधाची सॅम्पल पाकिटं एका डॉक्टरला वर्षाला १२ पेक्षा जास्त नाहीत. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की डॉक्टरांना दिलेल्या फुकटच्या वस्तू कंपनीला करसवलतीसाठी खर्च म्हणून दाखवता येणार नाहीत, कारण शेवटी तो बोजा औषधाच्या किमतीतून रुग्णावरच पडतो. आचारसंहितेची तक्रार मात्र कंपन्यांच्या संघटनांच्याच समितीकडे जाते. तिथे स्वतंत्र माणसं हवीत, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे नवं औषध शोधलंच जात नाही का?

कमी, पण जातं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथल्या संशोधकांनी बुरशीवरचं हमायसिन शोधलं. २०१३ मध्ये अहमदाबादच्या झायडसचं सरोग्लिटाझार आलं, रेणूपासून मंजुरीपर्यंत पूर्ण देशी.

आणि एक ताजं, ज्याने माझी छाती भरून येते. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांचा चमू आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून नेक्सकार-१९ तयार केलं. यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथे सुरुवातीची किंमत ४० लाखांच्या आसपास ठेवली. सामान्य माणसाला तेही झेपणारं नाही, हे कळतं मला. पण पवईत शोधलेलं औषध परळमध्ये टोचलं जातंय, ही सुरुवात आहे.

गरिबांच्या आजारांवर नवी औषधं का येत नाहीत?

कारण पैसे देणारं गिऱ्हाईक नसतं. टीबीचंच बघा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बेडाक्विलिन मंजूर झालं, तेव्हा टीबीवर पूर्ण नव्या प्रकारचं औषध येऊन ४० वर्षं झाली होती. तोवर औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी जी इंजेक्शनं द्यायचे, त्यांनी कित्येकांचे कान गेले.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशीच गेली. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट संपत आलं तशी जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या मीठरूपावर पुढच्या चार वर्षांसाठी पेटंट मागितलं. त्याला हरकत घेणाऱ्यांत नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले होत्या. टीबीतून उठलेल्या, दोघींचे कान औषधाने गेलेले. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. कलम ३(ड) पुन्हा कामी आलं.

मंजुरी मिळाली म्हणजे औषध सुरक्षित ना?

तोवर जेवढं दिसलं तेवढ्यापुरतं. काही हजार लोकांवर न दिसलेला त्रास लाखोंनी घेतल्यावर दिसतो. सांधेदुखीवरचं रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये आलं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो हे स्पष्ट झाल्यावर ३० सप्टेंबर २००४ ला जगभरातून मागे घेतलं गेलं. आपल्याकडे ताप उतरवायला मुलांना सर्रास देत असलेलं निमेसुलाइड १२ वर्षांखाली द्यायला २०११ मध्ये बंदी आली.

म्हणून औषध घेतल्यावर पुरळ, सूज, चक्कर असं काही झालं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर कळवा. तुमचा फोन नोंदवला जातो आणि अशाच नोंदींतून पुढे इशारे निघतात.

दुकानदार म्हणतो बिल घेतलं तर सूट नाही. काय करू?

सूट सोडा, बिल घ्या. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. मध्ये एकदा लहान मुलांच्या खोकल्याच्या एका सिरपची बॅच तातडीने थांबवायचा आदेश आला. मी रात्री दुकान बंद करून बिलं काढून बसलो आणि ज्यांच्या बिलावर ती बॅच होती त्या घरांना फोन लावले. अकरा बाटल्या गेल्या होत्या. नऊ घरं सापडली, सगळी मुलं बरी होती, बाटल्या परत आल्या. दोन बाटल्या घाईगर्दीत बिलाशिवाय दिल्या होत्या, माझ्याच हातून. शेवटी दुकानाच्या शटरवर बॅच नंबर लिहून कागद चिकटवला. तिसऱ्या दिवशी एक आजी बाटली घेऊन आल्या, सील न फोडलेली. दुसरी अजून आलेली नाही.